न्हाणीतली खुर्ची

कोर्नेलिया प्लेटांची चवड घेऊन अंगणात आली आणि जागीच थबकली. दानाच्या टेबलावर, पावाच्या वेण्या आणि मातीचे वाडगे यांच्या मधोमध, तिची खुर्ची मांडलेली होती. पांढऱ्या प्लास्टिकची, ॲल्युमिनियमच्या पायांची, पायांना रबरी बुटं घातलेली. पाठीला कोरा टॉवेल बांधला होता आणि बैठकीवर पावाची एक वेणी ठेवून तिच्यात मेणबत्ती खोचली होती.

ही खुर्ची तिने इटलीहून, फेरारातून आणली होती. पार्सलांच्या गाडीत मांडीवर घेऊन एक दिवस आणि एक रात्र, कारण ड्रायव्हर म्हणाला होता की टपावर टाकली तर पाय वाकतील. गुरुवारी उतरली तेव्हा मांड्यांवर वळ उठले होते. फेब्रुवारीत आई न्हाणीघरात घसरून पडली आणि चार तास ओल्या फरशीवर पडून राहिली, तेव्हापासून कोर्नेलियाला धड झोप नव्हती. आईने बसून अंघोळ करावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

खुर्चीशेजारी बाकीचंही सगळं होतं. चाकांचा वॉकर. भिंतीला लावायचे दोन दांडे, लाल फितीने एकत्र बांधलेले, लग्नाच्या अहेरासारखे.

"आई!"

दोम्निका श्राद्धाच्या गोड गव्हाच्या, कोलिवाच्या, ताटावर साखर भुरभुरवत होती. ब्याऐंशी वर्षांची, आधीच बुटकी आणि आता म्हातारपणाने आणखी चार बोटं खचलेली. काळा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला, ॲप्रनचा खिसा कशाने तरी ओथंबून खाली लोंबत होता. तिने मान वर केली नाही.

"तुला वेड लागलंय का गं? ही अंघोळीची खुर्ची आहे!"

"कसली आहे ते दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत."

"मग इथे काय करतेय ती?"

"स्तांकाला द्यायचीय. का, तिकडे गेल्यावर मी अंघोळ करायची नाही?"

"तिकडे गुडघे दुखत नाहीत, आई!"

"असं? तू कधी जाऊन आलीस?"

कोर्नेलियाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जिवंतपणी आपलं श्राद्ध आपणच घालायचं, ही ओल्टेनिया प्रांताच्या या टेकड्यांमधली जुनी रीत, पोमाना म्हणतात तिला, आणि त्या रीतीबद्दल तिला काडीची तक्रार नव्हती. पलीकडच्या जगात जे लागेल ते इथे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती द्यायचं, पेटत्या मेणबत्तीसकट, म्हणजे ते तिकडे आपल्या नावावर पोचतं. मेणबत्तीशिवाय दिलं तर ती नुसती देवघेव. पलीकडे काही जात नाही. आजीने घातली होती, आजीच्या आईने घातली होती. आज पितरांचा उन्हाळी शनिवार, त्याहून चांगला मुहूर्त नाही. पण लोक वाडगे देतात, उशा देतात, फार तर पलंग देतात! लेकीने मांडीवर वाहून आणलेली, आईचा जीव वाचवायला आणलेली वस्तू कोणी शेजारणीला देतं?

"वेडच लागलंय तुला," ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने. स्वयंपाकघराच्या खिडकीत रोदिकावहिनी भांडी घासत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "पाद्रीबुवा येतील एवढ्यात. प्लेटा मांड."

प्लेटा मांडता मांडता कोर्नेलियाने भावाला गाठलं. तिबेरिऊ तळघराच्या पायऱ्या चढून लाल वाइनची दुसरी बरणी वर आणत होता. छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेला, क्रायोव्हा शहरातून सकाळीच गाडी घेऊन आलेला. पायरीवर बरणी टेकून तो धापा टाकत उभा राहिला.

"दादा, आज तरी उघडलंस म्हणायचं तळघर!"

"वाइनशिवाय पोमाना होते का?"

"आणि कुलपाशिवाय म्हातारी जगत नाही का? गुरुवारी आले तेव्हा ती थंड दूध आणि पाव खात बसली होती. मी म्हटलं, सूप का नाही केलंस? तर म्हणते, शेगडी पेटत नाही. सिलिंडर कुठाय, तर तळघरात. किल्ली कुठाय, तर साहेबांच्या खिशात, क्रायोव्हाला!"

"गॅस चालू ठेवून विसरली असती म्हणजे?"

"विसरली होती का कधी?"

"विसरेपर्यंत थांबायचं का?"

"कुऱ्हाड आत. शिडी आत. कोंबड्या विकल्यास, का, तर खुराड्यापर्यंत जाताना पाय घसरेल. बागेच्या फाटकाला तार बांधलीस. श्वास तेवढा मोकळा ठेवलायस तिचा, की त्यालाही झाकण बघतोयस?"

तिबेरिऊने कपाळावरचा घाम पुसला. "झालं तुझं? आता माझं ऐक. अठरा वर्षं परक्यांच्या आयांना न्हाऊमाखू घालतेस तू. बदान्ते म्हणतात ना तुम्हाला तिकडे? काय ते बायकांचं कौतुक! आणि इथे दिव्याखाली अंधार. वर्षातून दहा दिवस येतेस आणि मला शहाणपण शिकवतेस?"

हे लागलं. लागणारच होतं, खोटं असतं तर लागलं नसतं. अठरा वर्षं कोर्नेलियाने लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या होत्या. त्याच भाकऱ्यांवर या घराचं छप्पर नवं झालं, गरम पाणी आलं, निळ्या टाइल्सचं न्हाणीघर झालं, ज्याच्यात आई पडली. सध्या ती फेरारातल्या एक्क्याण्णव वर्षांच्या एका बाईला, सिन्योराला, सांभाळत होती. सिन्योराच्या पाठीवर कुठे कुठे तीळ आहेत हे ती झोपेत सांगू शकली असती.

"म्हणून तर सामान आणलं," ती म्हणाली. आवाज तिलाच पातळ वाटला. "उद्या दांडे लावते. खुर्ची, वॉकर, सगळं शिकवते तिला. मग बुधवारी निघते."

"त्याची गरज नाही." तिबेरिऊने कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सोमवारी सकाळी दहा वाजता. खोली मिळालीय. दोघींची खोली, जिना नाही, पलंगाला बेल आहे. शहरातला चांगला वृद्धाश्रम आहे, सहा महिने नंबर लावून होतो. फक्त तिची सही राहिलीय."

"आईला सांगितलंस?"

"सांगायला कशाला पाहिजे? तिचं तिला कळलंय. ते बघ." त्याने बोट दाखवलं. आक्रोडाच्या झाडाखाली बाबांचा पलंग मांडला होता, आक्रोडाच्याच लाकडाचा, कोरीव पायांचा. वर पांढरी चादर, दोन उशा, पायथ्याशी मेणबत्ती. "बाबांचा पलंग देऊन टाकतेय ती. पलंग देणारं माणूस त्या घरात झोपायला राहणार असतं का? आवराआवर चाललीय तिची. तूही समजून घे आता."

कोर्नेलिया पलंगाकडे बघत राहिली. त्या पलंगावर दोघं भावंडं जन्मली होती, बाबांनी त्याच्यावर प्राण सोडला होता. आई तो देतेय. खुर्ची देतेय, वॉकर देतेय. म्हणजे आईने मनाशी ठरवलं होतं आणि लेकीला एका शब्दाने सांगितलं नव्हतं! तिला भावाचा राग होताच, आता आईचाही आला, आणि त्या रागातच तिला रडू फुटायला लागलं.

"वन्सं." रोदिकावहिनी ओले हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या. "रडू नका. रडायला आपण दोघी आहोत, पण फेब्रुवारीत फोन मला आला होता. तुम्ही फेराराहून फोनवर रडलात, हे ऑफिसात मीटिंगमध्ये होते. मी गाडी काढली. बर्फातून आले, आईंना उचललं, फरशी पुसली. तेव्हा कोणी म्हटलं नाही की रोदिका, दमलीस गं."

फाटक वाजलं. पाद्रीबुवा आले होते, दाढीवर फुंकर घालत, हातात धुपाटणं.

प्रार्थना लांबली नाही. चाळीसेक माणसं होती, अर्धं गाव, म्हणजे सगळं मिळून उरलेलं गाव. बाकीचं स्पेनमध्ये नाहीतर इटलीत. धूप फिरला, वाइन शिंपडली गेली, आणि दोम्निका टेबलाच्या एका बाजूला उभी राहिली. पलीकडून एकेक जण पुढे येत होता. ती मेणबत्ती पेटवायची, वस्तू टेबलावरून पलीकडे द्यायची आणि म्हणायची, "इथे तुझी, तिकडे माझी." घेणारा म्हणायचा, "देव स्वीकारो." वाडगे गेले, पेले गेले, टॉवेल गेले. तिबेरिऊ मोबाइलवर फोटो काढत होता.

मग दोम्निकाने लांब हाक मारली. "रोदिका!"

रोदिकावहिनी दचकल्या. सुना सहसा या रांगेत नसतात. त्या पुढे आल्या तेव्हा सासूने त्यांच्या हातात निळ्या फुलांचा पेला, कोरा टॉवेल आणि पेटती मेणबत्ती ठेवली.

"फेब्रुवारीत तू माझी फरशी पुसलीस. मी पडल्या पडल्या बघत होते, तू रागाने पुसत होतीस, पण कोपऱ्यापर्यंत पुसलीस. तिकडेही कोणीतरी पुसणारं असू दे मला. इथे तुझा, तिकडे माझा."

"देव स्वीकारो, आई," रोदिकावहिनी कशाबशा म्हणाल्या आणि पेला छातीशी धरून मागे सरकल्या.

पलंग मारिन सुताराला गेला. मारिन चौऱ्याहत्तर वर्षांचा, कुंपणापलीकडचा शेजारी, बायको वारल्यापासून फळ्यांवर झोपणारा. त्याच्यापाठोपाठ लाल फितीचे दांडेही त्यालाच. मग स्तांकामावशी पुढे आल्या, आईच्या शाळेपासूनच्या मैत्रीण, फेब्रुवारीत ज्यांना आई सापडली त्या. त्यांना वॉकर मिळाला आणि शेवटी खुर्ची.

"इथे तुझी, तिकडे माझी."

"देव स्वीकारो," स्तांकामावशी म्हणाल्या. मग खुर्ची उलटसुलट करून बघत, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात: "पण दोम्निका, ही मी ठेवू कुठे? माझ्याकडे न्हाणीघर कुठाय? मी परसात परातीत अंघोळ करते."

"तुझी वस्तू. तू ठरव."

"वापरली नाही तर तिकडे पोचेल का तुला? पाद्रीबुवा, तुम्हीच सांगा."

पाद्रीबुवांच्या तोंडात कोबीच्या पानातला अख्खा सारमाला होता. त्यांनी तो घाईघाईने गिळला. "दान वापरात यायला हवं. पेटीत कुलूपबंद ठेवलेलं दान म्हणजे... नाही, वापरात यायला हवं."

"मग झालं तर. खुर्ची माझी, ठेवणार तुझ्या न्हाणीघरात. दर शनिवारी येऊन मी तिच्यावर बसणार, पाठ तू चोळायचीस. मग तू बस, तुझी मी चोळते. माझ्या खुर्चीवर तुला बसू देणार नाही इतकी काही मी कवडीचुंबक नाही."

बायका हसल्या. कोर्नेलिया हसली नाही. तिने आईकडे पाहिलं. आई पुढची मेणबत्ती निवडण्यात गुंग झाली होती, जरा जास्तच गुंग.

"तसं असेल तर," मारिन घसा साफ करत म्हणाला, "हे दांडेसुद्धा माझेच झाले. माझ्या घरात नुसत्या कच्च्या विटा आहेत, दांडे धरणार नाहीत. मी ते मला हवे तिथे लावणार." आणि त्याने बाकाखालून एक गोणपाट ओढलं. गोणपाटात ड्रिल मशीन होतं.

पोमानाला ड्रिल घेऊन कोणी येतं का? कोर्नेलियाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हातारीने कट केला होता: वस्तू शेजाऱ्यांच्या झाल्या की दादाला त्या तळघरात कोंडता येणार नव्हत्या. स्तांकाला पढवलं होतं, मारिनला पढवलं होतं. लेकीला मात्र नाही.

मारिन आत गेला, त्याच्या मागे कोर्नेलिया, तिच्या मागे खुर्ची उचलून स्तांकामावशी, आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला हात लावत आई. निळ्या टाइल्सवर कोर्नेलियाने शुक्रवारीच पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या. तिला मोजायची पट्टी लागत नव्हती, अठरा वर्षांचा हात होता तिचा.

मारिनने खुणांकडे पाहिलं. मग दोम्निकाकडे. मग पुन्हा खुणांकडे.

"ही खूण कोणी केली?"

"मी," कोर्नेलिया म्हणाली. "बरोबर आहे ती. असे कितीतरी दांडे लावून घेतलेत मी."

"कोणासाठी?"

"आईसाठी, आणखी कोणासाठी!"

स्तांकामावशींनी खुर्ची नळाशेजारी ठेवली आणि दोम्निका तिच्यावर बसली. "धरून बघ," मारिन म्हणाला. दोम्निकाने हात वर केला. तो खुणेपर्यंत पोचला नाही. तिने खांदा ताणला, बूड उचललं, तरी दोन बोटांचं अंतर उरलंच. खांदा दुखला तसा तिने हात खाली घेतला.

"कोण राहते गं इथे एवढी उंच बाई?" आई म्हणाली. चेष्टेनेच म्हणाली.

सिन्योरा उंच होती. म्हातारपणीही ताठ, लांब हातांची, तरुणपणी बास्केटबॉल खेळलेली. कोर्नेलियाच्या हाताला सिन्योराच्या खांद्याची उंची पाठ होती, सिन्योराची पकड, सिन्योरा उठताना कुठे हात टाकते ती जागा. तिने जन्मदात्या आईच्या भिंतीवर परक्या बाईचं माप लिहिलं होतं, तेही छाती पुढे काढून. दादाच्या तोंडून दिव्याखाली अंधार ऐकताना तिला चीड आली होती. आता तोच अंधार पेन्सिलीने भिंतीवर लिहिलेला होता आणि चिडायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

ती ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसली. "आई, उठायला लागल्यावर हात कुठे जातो तुझा? विचार करू नकोस. नुसती उठ."

दोम्निका उठायला लागली आणि तिचा हात आपसूक डावीकडे गेला, उजवीकडे नाही. आणि किती खाली, नळाच्या जेमतेम वर. कोर्नेलियाने तो हात तिथेच धरून ठेवला. पातळ कातडी, टपोऱ्या गाठी, अंगठ्याला बटाट्याच्या सुरीची जुनी खूण. कधी धरला होता हा हात शेवटचा? तिने हाताखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि वरच्या दोन्ही खुणा थुंकी लावून बोटाने पुसून टाकल्या.

"इथे, मारिनकाका," ती म्हणाली.

ड्रिलचा आवाज अख्ख्या अंगणात घुमला आणि त्याने तिबेरिऊला दारापाशी आणलं. त्याचं तोंड लाल झालं होतं, थोडं वाइनने, बरंचसं संतापाने.

"काय चाललंय हे? सोमवारी निघायचंय तिला, आणि तुम्ही भिंती फोडताय?"

"कोणाला निघायचंय?" दोम्निका म्हणाली. ती टॉवेलला हात पुसत त्याच्या अंगावरूनच बाहेर अंगणात गेली आणि दानाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. सगळे तिच्या मागोमाग. टेबल आता रिकामं होतं, नुसते मेणाचे थेंब आणि पावाचा चुरा.

तिबेरिऊने तिच्यासमोर कागद उलगडला. "आई, भांडायचं नाहीय मला. तू स्वतः पलंग दिलास."

"उंच आहे म्हणून दिला. पाय जमिनीला टेकत नाहीत माझे, दोनदा सरकले त्याच्यावरून. कोर्नेलियाच्या खोलीतली खाट ठेंगणी आहे, ती मी ओढून घेतलीय. सकाळी सात वाजता मी पडदा उघडते. नाही उघडला तर स्तांका येते, तिच्याकडे किल्ली आहे. तू काय समजलास?"

"हे तुझं तू ठरवलंस?"

"नाही तर कोणी ठरवायचं? फेब्रुवारीपासून मला दुसरं कामच काय ठेवलंयस तू? शेगडी नाही, कोंबड्या नाहीत, बाग नाही. बसून विचारच करत होते."

तिबेरिऊने लोकांकडे पाहिलं आणि त्याचा तोल गेला.

"ऐकलंत? न्हाण्याची खुर्ची पितरांच्या नावाने वाटते आणि पुन्हा आपल्याच न्हाणीत नेऊन ठेवते! ही शहाण्या माणसाची लक्षणं आहेत? सही नाही केलीस तर नको करूस. डॉक्टरचा दाखला मिळायला वेळ लागत नाही. तुझी लाडकी लेकच सकाळी म्हणाली की वेड लागलंय तुला. रोदिकाने स्वतः ऐकलं. सांग गं, रोदिका!"

चाळीस माना वळल्या. रोदिकावहिनींच्या हातात निळ्या फुलांचा पेला अजून तसाच होता, मेणबत्ती विझलेली.

"मी काही ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "मी भांडी घासत होते."

"रोदिका!"

"नळ चालू होता."

"मी म्हणाले होते," कोर्नेलिया पुढे आली. तिचे गुडघे भिजलेले होते आणि बोटांना पेन्सिलीचा काळेपणा. "वहिनींना कशाला खोटं बोलायला लावतोस? मी म्हणाले, दोनदा म्हणाले. जिला आपल्या आईचा हात कुठवर पोचतो हेही ठाऊक नाही, त्या बाईने म्हटलं. दाखला काढायचाच असेल तर माझा काढ, दादा."

तिबेरिऊ बघत राहिला. आणि मग, चाळीस माणसांदेखत, त्याचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला. "पुन्हा पडलीस म्हणजे? तुम्ही सगळे टाळ्या वाजवाल आणि घरी जाल. फोन आमच्याकडे येतो, आई! फोन वाजला की मला तू फरशीवर पडलेली दिसतेस, कोणाचाही असो. मला काय हौस आहे का कुलपं लावायची?"

"माहीत आहे," दोम्निका म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "लहानपणी विहिरीला झाकण आहे की नाही हे बघायला तू तीनदा उठायचास. भित्रा होतास, अजूनही आहेस, तुझा दोष नाही तो. मी पडेनही. स्तांका बघेल. तिला दिसलं नाही तर मरेन, माझ्या निळ्या फरशीवर मरेन. पण तुझ्या भीतीने मी जिवंतपणी थंड दूध पिणार नाही, तिबी. मला माझं सूप हवंय. गरम."

तिबेरिऊने कागद खाली केला. फाडला नाही, घडीही घातली नाही.

"ये, रांगेत फक्त तू राहिलास," आई म्हणाली. "हात पुढे कर."

त्याने केला. टेबलाच्या या बाजूला आई, त्या बाजूला तो, बाकीच्यांसारखाच. दोम्निकाने ॲप्रनच्या ओथंबलेल्या खिशात हात घातला आणि तळघराचं कुलूप बाहेर काढलं, आत खोचलेल्या किल्लीसकट. सकाळी वाइनसाठी उघडून त्याने कडीला अडकवून ठेवलेलं. तिने ते त्याच्या तळव्यावर ठेवलं. जड होतं, त्याचा हात खाली झुकला.

तिबेरिऊ घुटमळला. चाळीस माणसं सकाळपासून त्याच्यासमोरून मेणबत्ती घेऊन गेली होती. त्याचे डोळे टेबलावर फिरले, सवयीने, शोधत.

"मेणबत्ती?" त्याने विचारलं.

"याला नाही," आई म्हणाली. "हे मला तिकडे नको."